होलसेल औषध परवाना रद्द झाल्यावर थेट हायकोर्टात जाता येतं का?

जाता येतं, पण तिथे पहिला प्रश्न हाच येतो की अपील केलं का? तुमच्या वडिलांच्या एजन्सीचे २०बी आणि २१बी हे होलसेल औषधविक्रीचे दोन्ही परवाने रद्द झालेत, म्हणजे औषध नियम, १९४५ मधला नियम ६६ लागलाय. त्याच नियमात राज्य सरकारकडे अपिलाची सोय आहे आणि मुदत आदेशाच्या तारखेपासून तीन महिने. महाराष्ट्रात ही अपिलं अन्न व औषध प्रशासन खात्याच्या मंत्र्यांपुढे चालतात. नोटीसच दिली नाही किंवा अधिकार नसलेल्या माणसाने आदेश काढला, असं काही असेल तर अपील न करताही रिट, म्हणजे थेट हायकोर्टातली याचिका, ऐकली जाऊ शकते. सुप्रीम कोर्टाने १९९८ च्या व्हर्लपूल निकालात हे सांगितलंय.

अपिलासोबतच स्थगितीचा अर्ज द्या. नुसतं अपील दाखल करून आदेश थांबत नाही. आणि स्टे हातात येईपर्यंत गोळ्यांची एक स्ट्रिपसुद्धा विकू नका. जुनं गिऱ्हाईक तुटेल म्हणून माल सोडणारे मी पाहिलेत. विनापरवाना विक्रीला १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात तीन ते पाच वर्षांची कैद आहे. परवान्याचा वाद तिथे फौजदारी होऊन बसतो.

मी हीच प्रकरणं चालवतो. कागद आले की शो कॉज नोटीस (कारणे दाखवा नोटीस) आणि रद्दचा आदेश शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघतो. एका प्रकरणात नोटिशीत दोनच आरोप होते: काही बिलांवर बॅच नंबर नाही आणि तपासणीच्या वेळी कॉम्पिटंट पर्सन, म्हणजे विक्रीवर देखरेख ठेवणारा पात्र माणूस, जागेवर नव्हता. आदेशात मात्र तिसरंच कारण पुढे आलं, परवाना संपलेल्या दुकानदाराला कोडीनचं सिरप विकल्याचं. त्यावर खुलासा मागितलाच नव्हता. अपिलात आदेश टिकला नाही, प्रकरण फेरसुनावणीला परत गेलं. तुमच्या आदेशातही हे आधी तपासा. नोटिशीला दिलेल्या उत्तराचा आदेशात विचार झालाय की "खुलासा समाधानकारक नाही" एवढंच लिहून संपवलंय, तेही बघा. नियमाप्रमाणे कारणं लेखी द्यावीच लागतात.

चूक नोकराची असेल तर नियम ६६ चं परंतुक, म्हणजे त्यातला अपवाद, नीट वाचा. मालकाची फूस नव्हती, आधीच्या बारा महिन्यांत तसाच प्रकार घडला नव्हता आणि मालकाने पुरेशी काळजी घेतली होती, हे पटवून दिलं तर परवाना रद्द किंवा निलंबित करता येत नाही. पण पटवण्याची जबाबदारी तुमची. "नोकराने केलं" एवढ्या एका वाक्यावर कोणी सोडत नाही.

एक स्पष्ट सांगतो. बिलंच नसतील तर कार्यपद्धतीतली चूक फार काळ वाचवत नाही. फेरसुनावणीत तोच आदेश पुन्हा येतो. आणि त्यात अन्याय आहे असं मला वाटत नाही. एखादी बॅच खराब निघाली, तर ती कुठल्या दुकानांत गेली हे होलसेलरच्या बिलांवरूनच कळतं. त्या बिलांच्या प्रती तीन वर्षं जपायला सांगितलंय ते त्यासाठीच.

बिलं असतील आणि दोष किरकोळ असतील, तर रद्द करण्याऐवजी काही दिवसांचं निलंबन पुरेसं होतं, हा मुद्दा अपिलात आवर्जून घ्या. वकिलाकडे जाताना नोटीस, तिचं उत्तर, तपासणी अहवाल, आदेश आणि तो मिळाल्याच्या तारखेचा पुरावा बरोबर न्या. खरेदी-विक्रीची बिलं सीएकडे असतील तर आजच मागवून घ्या.