‘सगळे ख्रिश्चन सारखेच’ असं लेकीला सांगू नका

या वेळचं पत्र युटामधल्या लीहायहून आलंय. ताई आधी न्यू जर्सीत एडिसनला होत्या, म्हणजे गणपती, मराठी शाळा, कढीपत्ता सगळं हाताशी. नवऱ्याची नोकरी बदलली आणि आता गल्लीतली बहुतेक घरं मॉर्मन, म्हणजे 1830 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एका चर्चची. पत्र मोठं आहे, त्यातला हा भाग जसाच्या तसा देते:

“लेक 14 ची आहे, तिची सगळ्यात जवळची मैत्रीण मॉर्मन. आठवड्यातून एकदा संध्याकाळी दोघी त्यांच्या चर्चमध्ये मुलींच्या ग्रुपला जातात, कुकीज करतात, व्हॉलीबॉल खेळतात, शेवटी प्रार्थना. आम्हाला काही वाटलं नाही. पण माझी एक कलीग बॅप्टिस्ट आहे, ती म्हणाली सांभाळ, ते लोक ख्रिश्चनच नाहीत. लेकीनं ते ऐकलं आणि मला विचारलं, आई खरं काय? मी म्हटलं अगं सगळे ख्रिश्चन सारखेच, देव एकच. ती म्हणाली, तुला माहीत नाहीये ना? आणि खोलीत निघून गेली.”

ताई, दार आपटून गेलेल्या लेकीकडे बघत उभं राहणं काय असतं ते मला चांगलं माहितीये. पण लेक बरोबर बोलली हो. जुन्या वाचकांना ठाऊक आहे की या विषयावर मी कायम तळमळीनं लिहिते, आजही लिहिणार. ‘सगळं सारखंच’ हे आपण परदेशातले मराठी आईबाप फार पटकन बोलून जातो, मनात काही वाईट नसतं, आपण वाढलोच तसे. पण मुलांना त्यातून एवढंच कळतं की आईला यात पडायचं नाहीये, आणि मग पुढचा प्रश्न ती आपल्याला विचारतच नाहीत, मैत्रिणीला विचारतात.

तर आज रात्री जेवताना तिला हे सांगा. जोसेफ स्मिथ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा, न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायराजवळ राहणारा, 1820 मध्ये तुमच्या लेकीच्याच वयाचा होता, 14 वर्षांचा, आणि त्याला पडलेला प्रश्नही जवळजवळ हाच होता. गावात मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन असे ख्रिस्ती पंथ सगळे जोरात प्रचार करत होते आणि खरं कोण ते त्याला कळेना. तो रानात जाऊन प्रार्थनेला बसला आणि त्यानं पुढे सांगितलं ते असं, की देव पिता आणि येशू दोघं वेगवेगळे समोर उभे राहिले आणि म्हणाले यातल्या कुठल्याच चर्चमध्ये जाऊ नकोस. मग 1830 मध्ये त्यानं बुक ऑफ मॉर्मन हा धर्मग्रंथ छापला, त्याच वर्षी 6 एप्रिलला मॉर्मन चर्च स्थापन झालं. शेजारपाजारच्यांशी इतकं बिनसलं की न्यूयॉर्कहून ओहायो, मिझुरी, इलिनॉय असं पळत राहावं लागलं, 1844 मध्ये कार्थेजच्या तुरुंगात जमावानं जोसेफला गोळ्या घातल्या, आणि 1847 च्या 24 जुलैला त्याच्यानंतरचा नेता ब्रिगहॅम यंग लोकांना घेऊन युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. तुमच्याकडे 24 जुलैला सुट्टी आणि फटाके असतात ना, ते यासाठी.

आता तुमची कलीग असं का म्हणाली ते. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, बॅप्टिस्ट, लुथरन यांचं आपसात कितीही वाजलं तरी एक गोष्ट सगळ्यांना मान्य आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. 325 साली निकाया इथल्या परिषदेत पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे असं ठरलं, आणि यांच्यातली बरीच चर्चेस आजही तो मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणतात. मॉर्मन लोक येशूला तारणारा मानतात, त्याच्याच नावानं प्रार्थना करतात, पण त्यांच्या मते हे तिघं वेगळे आहेत, हेतू तेवढा एक. पित्याला हाडामांसाचं शरीर आहे. माणसं त्याची लेकरं आहेत आणि वाढत वाढत त्याच्यासारखी होऊ शकतात. बायबल आहेच, पण बुक ऑफ मॉर्मन आणि आणखी दोन ग्रंथही तितकेच पवित्र, आणि आजचे त्यांचे प्रमुख हे संदेष्टे. बॅप्टिस्ट माणसाला हे ऐकून धक्का बसतो, त्याच्या दृष्टीनं बायबलनंतर नवं शास्त्र येणारच नाही.

आणि हे दोन्ही बाजूंनी आहे बरं का, हे लेकीला आवर्जून सांगा. मॉर्मन मानतात की येशूचे प्रेषित गेल्यावर खरा अधिकार पृथ्वीवरून गेला आणि जोसेफमार्फत परत आला, त्यामुळे कॅथलिक किंवा बॅप्टिस्ट माणूस त्यांच्यात आला तर त्याचा बाप्तिस्मा ते पुन्हा करतात. तिकडे रोमनं, म्हणजे कॅथलिक चर्चनं, 2001 मध्ये जाहीर केलं की मॉर्मन बाप्तिस्मा आम्हाला मान्य नाही. दोघंही पाण्यानंच करतात, दोघंही पिता, पुत्र, पवित्र आत्मा हेच शब्द उच्चारतात, तरी नाही, कारण त्या शब्दांमागची श्रद्धाच वेगळी.

माझं माहेर नगरचं. अमेरिकन मिशनच्या काळापासूनची प्रोटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबं आमच्या शेजारी, नाताळात त्यांच्याकडून करंज्या यायच्या. त्यांच्यातल्या एका मुलीनं वसईच्या कॅथलिक मुलाशी लग्न केलं, दोन्हीकडे रडारड झाली, पण कॅथलिक चर्चनं तिचा बाप्तिस्मा मान्य केला, पुन्हा करा म्हणाले नाहीत. मॉर्मन मुलगी असती तर तिचा बाप्तिस्मा मान्य झाला नसता. फरक आहे तो असा आहे, आणि ज्यांच्या घरात तो घडतो त्यांना तो फार लागतो.

आमचा भाचा ॲरिझोनात मेसाला होता. त्याचा रूममेट कॅथलिक घरातला, कॉलेजात मॉर्मन झाला आणि लग्न तिथल्या टेंपलमध्ये ठरलं. टेंपल म्हणजे खास विधींची जागा, रविवारच्या चर्चहून वेगळी, आत फक्त रेकमेंड, म्हणजे चर्चचं परवानगीपत्र, असलेले सदस्य जातात. मुलाचे आईवडील बाहेर हिरवळीवर बाकावर बसले होते, आईच्या मांडीवर पर्स, नजर दाराकडे, आणि भाचा त्यांना पाणी आणून देत होता. आत आपल्या मुलाचं लग्न लागतंय आणि आपण बाहेर. तो मला फोनवर म्हणाला, मावशी, त्यांना आधी कुणी नीट सांगितलंच नव्हतं गं. 2019 पासून चर्चनं सवलत दिलीय, आधी सगळ्यांसमोर कायदेशीर लग्न करून लगेच टेंपलमधला विधी करता येतो, पूर्वी अमेरिकेत त्यासाठी वर्षभर थांबावं लागायचं. पण मुद्दा कळतोय ना ताई? तुमच्या लेकीची मैत्री आज कुकीजची आहे. उद्या ती तिशीची होईल, हेच लोक तिच्या आयुष्यात असतील.

मग ते ख्रिश्चन आहेत का? मी तिला असं सांगेन: ते स्वतःला मनापासून ख्रिश्चन मानतात, त्यांच्या चर्चच्या नावातच येशू ख्रिस्त आहे, आणि बाकीची बरीच मोठी चर्चेस त्यांना आपल्या परंपरेत धरत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या. निवाडा करणारे आपण हिंदू घरातले कोण? पण माहिती हवी. कलीगचं वाक्य मैत्रिणीच्या आईसमोर मुळीच बोलू नका, त्यांना ते फार दुखतं.

एका रविवारी तुम्ही स्वतः लेकीबरोबर जाऊन बसा. महिन्याचा पहिला रविवार गाठा, त्या दिवशी त्यांचा उपास असतो आणि कुणीही माइकवर येऊन आपली श्रद्धा सांगतं, शाळकरी पोरंसुद्धा. ब्रेड आणि पाणी फिरवतात, तुम्ही नुसतं पुढे पाठवलंत तरी चालतं. बिशप, म्हणजे तिथल्या मंडळीचा प्रमुख, पगारी नसतो, तो शेजारचा डेंटिस्टही असू शकतो. येताना गाडीत तिला विचारा काय आवडलं, आणि मग तुम्ही कशावर विश्वास ठेवता तेही सांगा. गणपतीसमोर हात जोडताना तुमच्या मनात काय असतं, हे तिला कधी सांगितलंय? आमच्या धाकटीला मी ते सांगायला लागले तेव्हा ती तासभर उठली नाही जागची.

बाप्तिस्म्याची भीती सोडा, 18 च्या आतल्या मुलीला आईबापांच्या परवानगीशिवाय ते देत नाहीत. बहुपत्नीत्व 1890 मध्ये चर्चनं थांबवलं, आज जे करतात ते वेगळे फुटीर गट, त्यामुळे तो विषय शेजाऱ्यांकडे काढू नका.

पत्रातलं बाकीचं पटकन. शेजारणीनं तुमचा चहा नाकारला तो अपमान नव्हे ताई, चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य आहे, 1833 च्या एका शिकवणुकीवरून. पन्हं द्या, कोकम द्या, मसाला दूध द्या. छातीवर नावाची पट्टी लावून दारावर येणारी धर्मप्रचारक पोरं साधारण अठरा-एकोणीस वर्षांची असतात, घरापासून लांब, नको असेल तर हसून नको म्हणा आणि पाणी विचारा. आणि सासूबाईंना सॉल्ट लेकचं टेंपल आतून बघायचंय ना? एरवी जमलं नसतं, पण तिथे मोठी दुरुस्ती झाल्यावर 2027 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सगळ्यांसाठी खुलं ठेवणार असं जाहीर झालंय. त्यांचं तिकीट त्या हिशोबानं काढा.