जुन्या गाडीतले रंग दिलेले प्लॅस्टिकचे भाग थिनरने पुसावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची २००४ सालची गाडी चार वर्षं पार्किंगमध्ये उभी होती, आता ती पुन्हा चालती करताय. मधल्या कन्सोलचा चंदेरी रंग काळपटलाय, दाराच्या हँडलजवळचा मऊ काळा थर हाताला चिकटतोय, आणि गॅरेजवाले म्हणताहेत की थिनरचा बोळा फिरवा, पाच मिनिटांत लख्ख होईल.

थिनर लावू नका.

मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात इंजेक्शन मोल्डिंगच्या खात्यात अकरा वर्षं काम करतोय. माझ्या मामांच्या गाडीत एसीच्या जाळीभोवतीचं पॅनल पेंटरने रंगाआधी थिनरने पुसलं होतं. संध्याकाळपर्यंत छान दिसत होतं. दुसऱ्या दिवशी स्क्रूच्या भोकांभोवती केसाएवढ्या भेगा दिसल्या आणि बसवताना एक कान, म्हणजे पॅनल अडकवायची छोटी पट्टी, तुटून हातात आला. असं का होतं ते सांगतो. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबाने भरतात, ते थंड होताना त्याच्या पोटात ताण अडकून राहतो. जिथून माल साच्यात शिरतो तिथे आणि स्क्रू-क्लिपांच्या जागी हा ताण जास्त असतो. एबीएस जातीच्या प्लॅस्टिकला थिनरमधलं टोल्युईन किंवा ॲसिटोन लागलं की ताण असलेल्या जागीच ते फाटतं. कधी लगेच, कधी दोन दिवसांनी. म्हणून पुसणाऱ्याला वाटतं, आपण काहीच चुकीचं केलं नाही.

तेव्हा आधी भाग काढा आणि पाठ बघा. तिथे बाणाच्या दोन टोकांमध्ये अक्षरं उमटवलेली असतात: एबीएस, पीसी + एबीएस (पॉलीकार्बोनेट मिसळलेलं एबीएस), किंवा पीपी. पुढे टीडी२० असेल तर त्यात वीस टक्के टाल्क, म्हणजे खनिजाची पांढरी भुकटी, मिसळलाय. एबीएस आणि पीसी + एबीएसवर रंग नीट बसतो, पण हेच थिनरसारख्या द्रावकांना भितात. पीपी म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, ते रसायनांना सहज दाद देत नाही, पण त्यावर रंगाची पकड मुळातच कमी. म्हणून पीपीवरचा रंग नखाने पापुद्र्यासारखा निघतो आणि लोक त्याला मळ समजून खरवडत बसतात. रंग वर दिलेला आहे की प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला, हेही पाठ सांगते: समोर चंदेरी आणि मागे काळं किंवा राखाडी असेल तर तो वरचा थर आहे, आणि तो फार पातळ असतो. तुम्ही जे काही घासाल ते त्या थरातूनच वजा होणार.

भाग काढायचं काम दुपारी करा. हिवाळ्यात नाशिकची सकाळ किती गार असते ते सांगायला नको, आणि वीस वर्षांच्या क्लिपा गारव्यात कटकन मोडतात. तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्या जरा वाकतात. एअरबॅग असेल तर आधी बॅटरीची तार काढून दहा मिनिटं थांबा, आणि एअरबॅगच्या झाकणाला पाणी किंवा रसायन अजिबात नको, तिथे नुसतं ओलसर फडकं. पूर्वी अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारात जुनी पॅनलं सहज मिळायची. तो बाजार २०१७ मध्ये महापालिकेने हटवला. आता तुटलेल्या कानासाठी वणवण करावी लागते, म्हणून घाई करू नका.

आता सफाई. पहिलं काम कोरडं. मामांची गाडी दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत फिरायची, भुरीसाठी वापरायच्या गंधकाची पिवळसर भुकटी तिच्या प्रत्येक खाचेत होती. तुमच्याकडे गंधक नसेल, पण चार वर्षांची धूळ तशीच बसलेली असणार. आधी पाणी मारलंत तर तिचा चिखल होऊन प्लॅस्टिकच्या दाण्यांत घट्ट बसतो, आणि फडक्याखाली तीच वाळू रंगाला ओरखडे पाडते. रंगकामाचा मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम दोन्ही एकदम चालवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेत बऱ्याचदा तेल आणि पाणी असतं, ती या भागांवर नको.

मग कोमट पाणी, लिटरला भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब, आणि मायक्रोफायबरचं फडकं घट्ट पिळून. दाबायचं नाही, दोन-तीनदा फिरवायचं. फडक्याची बाजू सारखी बदला. साबणाचं पाणी झालं की साध्या पाण्याचं फडकं, मग सावलीत वाळवणं. माझ्या अनुभवात 'काळपटलेला' चंदेरी रंग बऱ्याचदा इथेच परत येतो, कारण तो काळपटपणा हाताच्या तेलाचा आणि डॅशबोर्ड पॉलिशचा असतो.

उरलेल्या तेलकट डागांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं. आधी आतल्या कडेला, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या काडीने दहा सेकंद लावून बघा. काडीवर चंदेरी रंग उतरला तर तिथेच थांबा. स्विचवरची चिन्हं, आकडे, बाण यांना अल्कोहोल लावूच नका, ती छपाई असते आणि निघून जाते. मीटरच्या काचेपासूनही लांब ठेवा, ती बऱ्याचदा ॲक्रिलिकची असते आणि अल्कोहोलने तिच्यावर जाळीसारख्या भेगा पडतात. हातांचं सॅनिटायझर हे याच कामाचं आहे असं समजून वापरू नका. २०२० मध्ये कितीतरी गाड्यांच्या स्टीअरिंगवरचा आणि हँडलचा रंग त्यानेच गेलेला मी पाहिलाय. पांढरा मेलामाइन स्पंजही नको. तो मळ काढतो असं दिसतं, पण मुळात तो बारीक पॉलिश पेपर आहे, चकाकणारा रंग मिनिटात मंद करतो.

हँडलजवळच्या चिकट थराची गोष्ट वेगळी, आणि ती सरळच सांगतो: तो मळ नाही, त्यामुळे धुऊन बरा होणार नाही. तो पॉलीयुरेथेनचा मऊ लेप आहे. बंद गाडीत उन्हाळ्यात डॅशबोर्डचा पृष्ठभाग सत्तर अंशांच्या वर जातो, पाठोपाठ चार महिने पावसाळी दमट हवा. या उष्णतेत आणि ओलाव्यात त्या लेपाच्या साखळ्या तुटतात आणि तो गुळासारखा होतो. पावडर लावून चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा चिकटतं. तो पूर्ण काढणं हाच उपाय. इथे अल्कोहोल पाणी न मिसळता घ्या, फडकं भिजवून दोन मिनिटं वर ठेवा, मग प्लॅस्टिकच्या बोथट पट्टीने खरवडा. दारं उघडी ठेवा, आसपास विडी-सिगारेट नको. खाली बहुतेक साधं काळं, दाणेदार प्लॅस्टिक निघेल आणि ते तसंच चांगलं दिसतं. मी तरी पुन्हा रंगवायच्या भरीला पडत नाही.

चंदेरी भाग रंगवणं भागच असेल, तर डॅशबोर्ड पॉलिश आधी पूर्ण काढा. त्यातलं सिलिकॉन राहिलं की नव्या रंगात गोल खड्डे पडतात, पेंटर त्याला फिश आय म्हणतात. पेपर ८०० नंबरचा, पाण्यासोबत, हलक्या हाताने. पीपी असेल तर प्लॅस्टिकचा खास प्रायमर आधी, नाहीतर महिन्यात सोलेल. पेंटरला स्पष्ट सांगा की पुसायला एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंगांचा थिनर) नको. हार्डनर मिसळून मारायचा क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारणार असाल तर घरात, बंद जागेत मारू नका, त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचा त्रास देऊ शकतात आणि साधा कापडी मास्क त्यांना अडवत नाही.

रविवारी कन्सोल उतरवलंत की पाठीवरची अक्षरं इथे लिहा, आणि साबणाच्या पाण्यानंतर कुठले डाग उरले तेही. मग रंगाची गरज आहे का, ते सांगतो.