मॉड टाकला, गेम उघडेना

प्रश्न : ताई, मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, टीवायला आहे. दिवाळीच्या सेलमध्ये स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, ‘स्कायरिम स्पेशल एडिशन’ हा गेम घेतला. अकरा मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या, इतरांनी बनवलेल्या फाइली) हातानेच टाकले, म्हणजे झिप उघडायची आणि आतलं सगळं डेटा फोल्डरमध्ये पेस्ट करायचं. ‘रिप्लेस करू का’ असं विचारलं की हो म्हणायचो. सात-आठ मॉड छान चालले. मग एक आवडला नाही, म्हणून त्याच्या आठवतील तेवढ्या फाइली डिलीट केल्या. तेव्हापासून लोगो दिसतो आणि गेम बंद होतो. अनइन्स्टॉल करून परत उतरवला, घरचा दोन दिवसांचा डेटा त्यात गेला, बाबा ओरडले, आणि तरी तेच. नव्याने आणलेला गेम नव्यासारखा का वागत नाही?

उत्तर : दुखणं नेमकं तुझ्या शेवटच्या वाक्यात आहे. स्टीम गेम काढतो तेव्हा त्याने स्वतः आणलेल्याच फाइली काढतो. तू आणून टाकलेल्या फाइली त्याच्या यादीत नसतात, त्यामुळे तो त्यांना हात लावत नाही. भाडेकरू आपलं सामान घेऊन गेला तरी माळ्यावर दुसऱ्याने ठेवलेलं गाठोडं तसंच राहतं, तसं हे आहे. तुझा नवा गेम त्याच जुन्या फोल्डरात, त्याच उरलेल्या फाइलींमध्ये येऊन बसला. शिवाय कोणते मॉड चालू आहेत याची यादी गेमच्या फोल्डरात नसतेच. ती तुझ्या यूजरच्या ॲपडेटामध्ये, लोकल या फोल्डरात, प्लगइन्स नावाच्या टेक्स्ट फाइलीत असते. तीही जशीच्या तशी राहिली.

लोगो येऊन गेम बंद पडतो, याचं पहिलं कारण मी ‘मास्टर’ हरवल्याचं धरेन. एका मॉडची ईएसपी फाइल, म्हणजे गेममध्ये काय बदलायचं ते सांगणारी फाइल, पुष्कळदा दुसऱ्या मॉडच्या फाइलीवर टेकलेली असते. त्या आधाराच्या फाइलीला मास्टर म्हणतात. आधार काढला आणि टेकणारी फाइल यादीत तशीच चालू राहिली, तर स्कायरिम मेनूपर्यंतही पोचत नाही आणि काही न सांगता मिटतो. तू आठवेल ते पुसलंस, त्यात कुणाचा तरी मास्टर गेला असावा.

आता परत डाउनलोड करू नकोस. आधी डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात स्कायरिम स्पेशल एडिशन, त्यात सेव्हज हा फोल्डर आहे. तो अख्खा पेनड्राइव्हवर कॉपी कर. हे झाल्याशिवाय पुढचं वाचूही नकोस. मग डी ड्राइव्हवर ‘काढलेले’ अशा अर्थाचा एक फोल्डर कर आणि गेमचा डेटा फोल्डर उघड. मूळ गेममध्ये तिथे जवळजवळ सगळ्या ईएसएम (मास्टर फाइली) आणि बीएसए (चित्रं-आवाजांचे बांधलेले गठ्ठे) फाइली असतात आणि व्हिडिओ नावाचा एक फोल्डर. स्कायरिम, अपडेट, डॉनगार्ड, हार्थफायर्स आणि ड्रॅगनबॉर्न या पाच ईएसएम मूळच्या आहेत. सीसी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइलीही गेमच्याच. टेक्श्चर्स, मेशेस, स्क्रिप्ट्स, इंटरफेस असे सुटे फोल्डर दिसले तर ते मॉडबरोबर आलेले आहेत. ते आणि अनोळखी ईएसपी उचलून ‘काढलेले’मध्ये ने. पुसू नकोस, हलव. ओळखायला अडचण आली तर ‘डेट क्रिएटेड’ने क्रम लाव. ‘डेट मॉडिफाइड’ इथे फसवते, कारण झिपमधून निघालेल्या फाइलीवर बनवणाऱ्याने ती बदलली तेव्हाची तारीख राहते. ‘क्रिएटेड’ बहुतेक वेळा ती फाइल तुझ्या डिस्कवर कधी आली ते दाखवते.

प्लगइन्सची ती टेक्स्ट फाइलही तिथेच नेऊन ठेव, गेम नवीन बनवेल. त्यानंतर स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन, इन्स्टॉल्ड फाइल्समधून तपासणी चालव. चुकून मूळ फाइल हलली असेल तर तेवढीच परत उतरेल, सगळा गेम नाही. पण ही तपासणी कमी पडलेलं भरते, जास्तीचं काढत नाही. म्हणून आधी हाताने साफ करायचं, मग तपासायचं. उलट क्रमाने केलंस तर वेळ फुकट जाईल.

गेम मेनूपर्यंत मोकळा उघडला की मॉड परत आण, पण पेस्ट करून नाही. तुझ्यासाठी मी मॉड ऑर्गनायझर २ हा मॉड सांभाळणारा प्रोग्रॅम सुचवेन. तो प्रत्येक मॉड त्याच्या वेगळ्या फोल्डरात ठेवतो आणि गेम त्याच्यातून सुरू केला की तेवढ्यापुरता गेमला असा भास देतो की सगळं डेटामध्येच आहे. खरा डेटा फोल्डर कोराच राहतो. मॉड नको झाला की खूण काढायची, बस. व्होर्टेक्स हा तसाच दुसरा प्रोग्रॅमही चांगला आहे, पण तो सहसा हार्ड लिंक वापरतो, म्हणजे डिस्कवरच्या एकाच फाइलीला दोन ठिकाणी नाव देतो. हे एकाच ड्राइव्हच्या आत शक्य असतं. गेम डीवर आणि व्होर्टेक्सचा मॉडचा साठा सीवर असेल तर जमत नाही. कमी जागेची एसएसडी आणि जोडीला मोठी हार्डडिस्क असलेल्या लॅपटॉपवर हा गोंधळ मी वारंवार पाहते.

दोन मॉड एकाच दगडाचं चित्र बदलत असतील तर गेमला एकच दिसणार, आणि हाताने पेस्ट करताना शेवटी आलेला जिंकतो. मूळ चित्र बीएसएच्या गठ्ठ्यात सुखरूप असतं, पण आधीच्या मॉडची फाइल तू ‘हो’ म्हटलंस तेव्हाच गेली. मॉड ऑर्गनायझरमध्ये तीच टक्कर विजेच्या छोट्या खुणेने दिसते आणि क्रम वर-खाली करून निकाल बदलता येतो.

झिप टाकताना आत काय आहे ते बघायची सवय लाव. उघडल्याबरोबर टेक्श्चर्स, मेशेस किंवा ईएसपी दिसली तर ठीक. आत आणखी एक डेटा फोल्डर असेल आणि तू तो अख्खा उचलून टाकलास, तर ‘डेटामध्ये डेटा’ होतं आणि गेमला तो मॉड दिसतच नाही. यात गेम बंद पडत नाही, नुसतं काहीच बदलत नाही, आणि माणूस तासभर मॉडला दोष देत बसतो.

एसकेएसई, म्हणजे काही मॉडना लागणारा स्कायरिमचा जोडप्रोग्रॅम, मात्र यातून वेगळा. त्याचा लोडर आणि डीएलएल फाइली गेम सुरू करणाऱ्या ईएक्सई फाइलीशेजारी बसतात. फक्त त्याचा स्क्रिप्ट्स फोल्डर डेटाच्या आत. गेमच्या ईएक्सईवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्समध्ये आवृत्ती बघ. १.५.९७ साठीचा एसकेएसई १.६ वाल्या गेमवर चालत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरातल्या मोठ्या अपडेटने ही फारकत झाली. स्टीममध्ये या गेमचं अपडेट फक्त गेम सुरू करताना व्हावं असं ठरवून ठेव आणि गेम स्टीमच्या प्ले बटणाने न उघडता एसकेएसईच्या लोडरने उघड.

जागेचंही सांगते. गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये असेल तर विंडोज तिथे लिहायला अडवू शकतो. स्टीममध्ये डीवर नवी लायब्ररी कर आणि गेम स्टीमकडूनच तिथे हलव. फोल्डरची नावं आखूड ठेव, कारण पुष्कळ जुनी साधनं २६० अक्षरांपलीकडचा पत्ता वाचत नाहीत. आणि मला सांगताना वाईट वाटतं, पण त्या पत्त्यात मराठी नाव ठेवू नकोस. देवनागरी अक्षर आलं की काही साधनं फाइल सापडत नाही असं म्हणतात. आपल्या लिपीचा यात दोष नाही, साधनं लिहिणाऱ्यांनी तिचा विचार केला नाही. डेस्कटॉपवर हवं ते मराठी नाव दे, मॉडच्या वाटेवर इंग्रजी अक्षरं ठेव.

अकराही मॉड एकदम टाकू नकोस. एक टाक, गेम उघड, पाच मिनिटं चाल, मग दुसरा. मी माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात अजून कागदाची वही वापरते: तारीख, मॉडचं नाव, आवृत्ती, कुठून घेतला, कशावर टेकलेला आहे. तुझ्या अकरा मॉडना एक पान पुरेल.

प्रश्न : मी गिरगावात राहते. घरात एकच लॅपटॉप आहे, त्यावर माझं ऑफिसचं काम आणि आठवीतल्या मुलाचा माइनक्राफ्ट. सी ड्राइव्ह लाल झाला आहे. मागे मी काही तरी पुसलं आणि मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. काय पुसलं तर चालेल?

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. लालबागला दुकान टाकलं त्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याच चाळीतल्या एका मुलाचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला. व्हायरस होता. मी त्याला न विचारता डिस्क फॉरमॅट केली. ‘सॅन अँड्रिआस’ परत टाकून दिला आणि काम झालं असं समजले. त्या गेमच्या सेव्ह फाइली गेमच्या फोल्डरात नसतात, डॉक्युमेंट्समध्ये असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याचा दोन वर्षांचा खेळ गेला. तो ओरडला नाही, जिन्यावर जाऊन बसला. मी आजही त्या जिन्यावरून जाते. तेव्हापासून कुठलंही मशीन आलं की वहीत पहिली ओळ असते : सेव्ह कुठे आहेत?

तुमच्या मुलाचे सेव्ह शोधू या. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. आलेल्या चौकटीत ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत, टक्क्याच्या दोन चिन्हांच्या मधे लिहा आणि एंटर करा. डॉट माइनक्राफ्ट नावाचा फोल्डर दिसेल. त्यातल्या सेव्हजमध्ये मुलाने बांधलेलं प्रत्येक जग एकेका फोल्डरात असतं, आत लेव्हल डॅट ही फाइल असते. त्याला हात लावायचा नाही, उलट तो आजच पेनड्राइव्हवर घ्या. लॉग्ज आणि क्रॅश रिपोर्ट्स हे दोन फोल्डर रिकामे केलेत तर खेळाचं काही बिघडत नाही. डाउनलोड्समध्ये उतरवून ठेवलेल्या झिप आणि इन्स्टॉलर असतील, त्यांचं काम झालेलं असेल तर त्याही जाऊ द्या.

मॉड्स या फोल्डरातल्या जार फाइलींसाठी मुलाला शेजारी बसवा. गेमच्या जुन्या आवृत्तीचे मॉड नव्यावर सहसा चालत नाहीत, फोर्ज आणि फॅब्रिक ही मॉड चालवणारी दोन वेगळी साधनं, त्यातल्या फोर्जसाठी बनवलेला मॉड फॅब्रिकवर सहसा चालत नाही, आणि कुठला कशासाठी हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. लाँचरमध्ये प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र गेम फोल्डर देता येतो, आणि तो डी ड्राइव्हवरही ठेवता येतो. मुलाला ते करायला सांगा, सी ड्राइव्हवरचा भार कमी होईल.

प्रश्न : मी बोरिवलीची. ‘सिम्स ४’ला अपडेट आला आणि माझे सगळे मॉड गायब. ६४ फाइली आहेत. एकेक काढून बघू का?

उत्तर : गायब नाहीत, बंद आहेत. प्रत्येक अपडेटनंतर हा गेम मॉड स्वतःहून बंद करतो. गेम ऑप्शन्समध्ये, अदरखाली, कस्टम कंटेंट आणि स्क्रिप्ट मॉड या दोन्ही चौकटींवर खूण कर आणि गेम बंद करून परत उघड. स्क्रिप्ट मॉड मॉड्स फोल्डरात एकाच पातळीपर्यंत आत ठेवता येतात, त्याहून खोल गेले तर गेम त्यांना वाचत नाही. विंडोजने तुझे डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये हलवले आहेत का तेही बघ. मग मॉड्स नावाचे दोन फोल्डर दिसतात आणि आपण भलत्यातच फाइली टाकत राहतो.

चालू केल्यावर गेम बिघडलेला वाटला तर एकेक काढू नकोस. गेम बंद करून अर्ध्या फाइली, म्हणजे ३२, डेस्कटॉपवर हलव, लोकलथंबकॅश नावाची फाइल पुसून टाक, ती गेम परत बनवतो, आणि उघडून बघ. बिघाड राहिला तर दोषी आतल्या ३२ मध्ये, गेला तर बाहेरच्यात. त्या अर्ध्याचे परत अर्धे कर. दोषी एकच असेल तर ६४ मधून तो सहा फेऱ्यांत सापडतो. आधी मात्र डॉक्युमेंट्समधल्या सिम्स ४ च्या फोल्डरात लास्टएक्सेप्शन नावाची टेक्स्ट फाइल आहे का बघ. पुष्कळदा बिघडलेल्या मॉडचं नाव तिच्यातच लिहिलेलं असतं. नाही कळलं तर ती फाइल मला पाठव. अख्खी पाठव, स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो नको.