अभंग तुकोबांचा, मग दावा कुणाचा?

प्रश्न : तुकोबांचा अभंग आमच्या भजनी मंडळाने स्वतः गाऊन यूट्यूबवर टाकला. दुसऱ्याच दिवशी एका कंपनीचा कॉपीराइट दावा आला. पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या अभंगावर हक्क कुणाचा? (सातारा)

उत्तर : शब्दांवर कुणाचाच नाही. पण चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे. चालीचा हक्क संगीतकार हयात असेपर्यंत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणाचा, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे. म्हणजे 1964 साली निघालेली तबकडी 1 जानेवारी 2025 पासून मोकळी, पण तिच्यातली चाल मोकळी झालीच असं नाही. रेडिओवर ऐकून पाठ झालेली चाल तुम्ही घेतली असेल, तर गळा तुमचा असूनही दावा खरा ठरू शकतो. वारीतली पारंपरिक चाल असेल तर खुशाल हरकत घ्या. तीच चाल कुठल्याशा कंपनीच्या अल्बममध्ये असली की यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा सूर जुळवते आणि फसते.

दावा ध्वनिमुद्रणावर आहे की चालीवर, आणि कितव्या सेकंदापासून, हे आधी यूट्यूब स्टुडिओत पाहा. चॅनलला जाहिरातींचे पैसे मिळत असतील तर पाच दिवसांच्या आत हरकत घ्या, म्हणजे दावा आला त्या दिवसापासूनची रक्कम राखून ठेवली जाते. दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस असतात. तो गप्प राहिला तर दावा सुटतो. ‘आम्ही पैशासाठी टाकलं नाही’, ‘मूळ गायकाला श्रेय दिलंय’ ही कारणं कामाची नाहीत. ‘शब्द संत तुकारामांचे, चाल पारंपरिक, गायन-वादन मंडळाचं, मुद्रण अमुक तारखेचं’ एवढंच लिहा. हरकत फेटाळली गेली तर अपील मात्र जपून करा. त्यानंतर दावेदार व्हिडिओ काढायला लावू शकतो आणि मग स्ट्राइक, म्हणजे चॅनलच्या नावावर कॉपीराइटभंगाची नोंद, बसते. 90 दिवसांत तीन झाल्या की चॅनलवर गदा. आणि कराओके ट्रॅकवर गायला असाल तर हरकतीच्या फंदात पडू नका. ट्रॅक हेही कुणाचं तरी ध्वनिमुद्रणच.

प्रश्न : मानधन घेऊन दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ रंगवून दिलं. प्रकाशक आता तेच चित्र फेसबुकवर आणि कॅलेंडरवरही वापरतात. न विचारता चालतं? (डोंबिवली)

उत्तर : काही लिहून घेतलं नसेल तर बहुधा चालतं, आणि इथेच चित्रकार फसतात. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक ते काढून घेणारा. उलट करार असेल तरच चित्रकार. पुढच्या वेळी चित्र पाठवण्याआधी ई-मेल करा : ‘कॉपीराइट चित्रकाराकडे. परवानगी फक्त या वर्षीच्या छापील आणि ई-अंकाच्या मुखपृष्ठापुरती. अन्य वापराचं मानधन वेगळं.’ त्यावर ‘मान्य’ असं उत्तर आल्याशिवाय मोठी फाइल देऊ नका. सही कापून चित्र वापरलं असेल, तर कलम 57 तुमच्या बाजूने आहे. मालकी गेली तरी कर्तेपणाचा हक्क जात नाही.

प्रश्न : इन्स्टाग्रामवरचं माझं वारली शैलीतलं चित्र एका साइटवर टी-शर्टवर विकलं जातंय. नोंदणी केलेली नाही. (पालघर)

उत्तर : नोंदणी सक्तीची नाही, चित्र काढताच हक्क मिळतो. शैलीवर दावा मात्र करू नका, ती साऱ्या वारली समाजाची. तुमची रचना, आकृत्यांची मांडणी जशीच्या तशी उचलली आहे, हे दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवा. पेन्सिलचा कच्चा आराखडा आणि मूळ स्कॅन जोडा. साइटला लेखी तक्रार करा, वस्तूच्या पानाची लिंक देऊन. 2013 च्या कॉपीराइट नियमांतील नियम 75 प्रमाणे तक्रार मिळाल्यापासून 36 तासांत ते पान बंद करायचं असतं. पण 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश दाखवला नाही तर ते पुन्हा सुरू होऊ शकतं, त्यामुळे वकील आधीच गाठा.

यापुढे 1080 पिक्सेल रुंदीचीच प्रत टाका. इंचाला 300 पिक्सेलच्या हिशेबाने ती 3.6 इंचच नीट छापते. टी-शर्टभर ताणली की रेषा फाटतात.