टॉवेलवरचे दोष ओळखणारं मॉडेल ९८ टक्के बरोबर, तरी दोष एकही पकडत नाही. नवं लॉस फंक्शन (मॉडेलच्या चुकीला किती दंड द्यायचा हे ठरवणारं सूत्र) लिहू का?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरातल्या कारखान्यातल्या टेरी टॉवेलच्या फोटोंवर मॉडेल शिकवलंय, शंभरात दोनच फोटो सदोष आहेत आणि मॉडेल सगळ्यांनाच ‘चांगला’ म्हणतं. मीही इथे याच कामात आहे, म्हणून सांगतो: लॉस बदलायची घाई करू नका.

न बघता प्रत्येक टॉवेल चांगला म्हटला तरी ९८ टक्के येतातच, तेव्हा तो आकडा सोडून द्या. क्रॉस-एन्ट्रॉपी, म्हणजे अशा कामात नेहमी वापरलं जाणारं लॉस फंक्शन, आपलं काम करतेय. सदोष टॉवेलला दोषाची शक्यता ०.०१ दिली तर दंड ४.६, ०.५ दिली तर ०.६९. ती शक्यता शिकवते; निकाल ०.५ वर तोडायचा हे तिने सांगितलेलं नाही, ते आपण गृहीत धरतो. दोष इतके दुर्मिळ असताना संशयास्पद टॉवेलला मॉडेल ०.२ देत असेल, तर ते शिकलेलं असू शकतं.

मग तोडायचं कुठे? हे तपासणीला बसणाऱ्या बायकांना आणि मालकांना विचारा. दोष निसटून गिऱ्हाइकापर्यंत गेला तर नुकसान किती, आणि चांगला टॉवेल उगाच बाजूला काढून पुन्हा बघावा लागला तर किती? पहिलं दुसऱ्याच्या वीसपट असेल, तर सदोष ठरवायची सीमा १/(१+२०), म्हणजे १/२१, साधारण ०.०५. यासाठी मॉडेल पुन्हा शिकवावंही लागत नाही.

सीमा कुठेही ठेवून उपयोग नसेल, म्हणजे सदोष टॉवेलना चांगल्यांपेक्षा जास्त शक्यता मिळतच नसेल, तरच लॉसला हात घाला. दोषाला ४९ चं वजन दिलं, म्हणजे सदोष टॉवेलचा दंड ४९ ने (९८ भागिले २) गुणला, की दोन्ही बाजू समान होतात. पण मग खरी शक्यता ०.०२ असलेल्या टॉवेललाही मॉडेल ०.५ म्हणेल. ४९ चं वजन आणि ०.०५ ची सीमा दोन्ही एकदम लावलीत, तर बराच चांगला मालही सदोष ठरेल.

फोकल लॉसबद्दलही विचारलंत. २०१७ मध्ये फेसबुकच्या एआय संशोधकांनी तो चित्रातल्या वस्तू शोधण्यासाठी मांडला. तिथेही रिकाम्या पार्श्वभूमीचे तुकडे बेसुमार असतात. त्यातला गॅमा हा आकडा सोप्या नमुन्यांचा दंड किती घटवायचा ते ठरवतो; तो २ ठेवला तर बरोबर वर्गाला ०.९ देणाऱ्या सोप्या नमुन्याचा दंड शंभरपटीने घटतो आणि सगळं लक्ष अवघड नमुन्यांकडे जातं. धोकाही तिथेच आहे. चुकीचं लेबल (चांगला की सदोष ही खूण) लागलेला फोटो मॉडेलला कायम अवघडच वाटणार, आणि टेरीच्या फाशांची, म्हणजे धाग्याच्या वेटोळ्यांची, सावली डागासारखी दिसते, त्यामुळे अशी लेबलं असण्याची शक्यता मोठी. फोकल लावण्याआधी सर्वाधिक दंड बसलेले फोटो काढून तपासणीवाल्यांना दाखवाच.

स्वतःचा लॉस लिहिण्यात मला अर्थ दिसतो तो एकाच ठिकाणी: दोषांची किंमत वेगवेगळी असताना. तेलाचा डाग धुऊन निघू शकतो, भोक पडलेला टॉवेल ‘सेकंड’मध्ये, म्हणजे दुय्यम प्रतीच्या मालातच जातो. अशा वेळी प्रत्येक नमुन्याच्या दंडाला त्या दोषाच्या नुकसानीने गुणा. चाचणीच्या फोटोंमध्ये मात्र चांगल्या-सदोषचं प्रमाण कारखान्यातलंच ठेवा, आणि एकाच ताग्याचे फोटो शिकवणीत नि चाचणीत वाटले जाऊ देऊ नका.