फ्रिजमध्ये पिशव्या दिसत असताना रक्तपेढीवाले दोन-दोन तास का लावतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं हिमोग्लोबिन फार उतरलं होतं, डॉक्टरांनी दोन पिशव्या सांगितल्या, रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये त्यांच्याच गटाच्या पिशव्या दिसत होत्या, तरी हातात पडायला दोन तास गेले. भाऊ रक्त द्यायला तयार होता, त्याचं ताजं रक्त सरळ का चढवलं नाही? आणि लोकांनी दान केलेल्या रक्ताचे पैसे कसले?

मी एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत टेक्निशियन आहे. हे तिन्ही प्रश्न आमच्या खिडकीवर रोज येतात, बहुतेक वेळा आवाज चढवूनच. त्यामुळे कुणी शांतपणे विचारलं की बरं वाटतं.

फ्रिजमधून पिशवी काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत. वेळ जातो तो तुमच्या वडिलांचं रक्त तपासण्यात, आणि त्याआधी ते तुमच्या वडिलांचंच आहे ना, याची खात्री करण्यात.

वॉर्डातून दोन नळ्या येतात, एक जांभळ्या झाकणाची आणि एक लाल. सोबत फॉर्म. फॉर्म आणि नळी शेजारी धरून मी वाचत जातो: पूर्ण नाव, आयपीडी नंबर (दाखल रुग्णाचा क्रमांक), वॉर्ड, तारीख, वेळ, रक्त काढणाऱ्याची सही. फॉर्मवर ‘शांताबाई’ आणि नळीवर नुसतं ‘शांता’ असेल, तर नळी परत. नंबरातला एक आकडा इकडचा तिकडे झाला, तरी परत. खाडाखोड करून लेबल दुरुस्त करायला आम्ही कुणालाच देत नाही, सिस्टर स्वतः खाली आल्या तरी नाही. रक्त नव्याने काढायचं आणि लेबल रुग्णाच्या खाटेपाशीच लावायचं. नातेवाईक बिचारे तीन मजले चढून जातात आणि जाता जाता आमचा उद्धार करतात. करू देत. बायकांच्या वॉर्डात एकाच दिवशी एकाच नावा-आडनावाच्या दोन पेशंट असणं आपल्याकडे काही नवलाचं नाही. चुकीच्या गटाचं रक्त चढल्याच्या प्रकरणांत नळ्यांची किंवा रुग्णांची अदलाबदल हे कारण वारंवार निघतं. मशीन चुकलं असं क्वचितच असतं. ओ गटाच्या माणसाला ए गटाचं रक्त गेलं, तर त्याच्या अंगातल्या अँटिबॉडी (परक्या पेशींवर तुटून पडणारे रक्तातले घटक) त्या पेशी शिरेतच फोडायला लागतात. थंडी वाजून ताप, कंबरेत कळ, लालकाळी लघवी आणि मग मूत्रपिंडं, अशा क्रमाने ते जिवावर बेतू शकतं. एवढं डोळ्यांसमोर असलं की साहेबांचा फोन आला तरी नळी परत करताना हात अडखळत नाही.

नळी पास झाली की रक्तगट. “अहो, गट माहीत आहे, मागच्या वर्षीचा रिपोर्ट आहे,” असं सांगून लोक कागद पुढे करतात. तो कागद आम्ही वाचतो आणि बाजूला ठेवतो. गट इथेच पुन्हा काढतो, तोही दोन बाजूंनी. आधी रुग्णाच्या पेशी निळ्या, पिवळ्या आणि बिनरंगी औषधात घालून बघायच्या, मग उलट रुग्णाचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, घेऊन ते ए, बी आणि ओ गटाच्या ठाऊक असलेल्या पेशींवर टाकायचं. दोन्हीकडचं उत्तर जुळलं तरच गट लिहायचा. ही उलटी तपासणी वाया घालवलेला वेळ वाटत असेल, तर आपल्या मुंबईतलंच उदाहरण देतो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट जगासमोर मांडला. या माणसांचं रक्त सरळ तपासणीत साधं ओ दिसतं. उलट तपासणीत मात्र त्यांचं सिरम ओ गटाच्या पेशींनाही गुठळ्या करतं, कारण ओ पेशींवर असणारा एच घटकच त्यांच्या पेशींवर नसतो. अशा माणसाला ओ समजून ओ रक्त चढवलं तर काय होईल ते वर लिहिलंच आहे. त्याला दुसऱ्या बॉम्बे गटवाल्याचंच रक्त लागतं. असे दाते शोधताना राज्यभर फोन फिरतात.

मग क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते बघणं. ज्या पिशव्या द्यायच्या, त्यांच्या नळीचे छोटे तुकडे सील करून पिशवीलाच लटकवलेले असतात. त्यातला एक कापायचा, त्यातल्या पेशी रुग्णाच्या सिरमशी गाठ घालून द्यायच्या आणि ३७ अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानाला, ठेवायच्या. जेल कार्ड (जेल भरलेल्या बारीक नळ्यांचं कार्ड) असेल तर साधारण १५ मिनिटं उबेत आणि १० मिनिटं गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये. जुळलं तर पेशी जेलमधून खाली उतरून तळाशी लाल ठिपका होतो. नाही जुळलं तर त्या वरच अडकून बसतात. काचेच्या नळीत हेच करायचं म्हटलं, तर पेशी तीन वेळा धुवून कुम्ब्स (पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडी शोधायची चाचणी) करावं लागतं आणि तासभर सहज जातो. शेवटी नळी तिरकी धरून बोटाने हलकेच हलवायची. तळाची गोळी धुरासारखी विरत गेली तर ठीक. बारीक रवाळ राहिली तर तीच नळी सूक्ष्मदर्शकाखाली.

वडिलांना आधी कधी रक्त चढलं होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ज्यांना वारंवार रक्त लागतं ती थॅलेसेमियाची मुलं म्हणा किंवा दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायका म्हणा, त्यांच्या अंगात इतरही अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात. मग गट एक असूनही पहिली पिशवी जुळत नाही, दुसरी जुळत नाही, पाचवी जुळते. असा रुग्ण आला की दोन तासांचे पाच होतात आणि खिडकीबाहेरचा आवाज वाढत जातो.

जीव जायची वेळ असेल तर या सगळ्यासाठी थांबत बसत नाही. अपघात किंवा बाळंतपणातला रक्तस्राव असेल, तर डॉक्टर फॉर्मवर तसं लिहून सही करतात आणि आम्ही ओ गटाच्या लाल पेशी किंवा गट काढून त्याच गटाची पिशवी काही मिनिटांत देतो. मुलं होण्याच्या वयातल्या बाईला अशा वेळी शक्यतो ओ निगेटिव्ह. क्रॉसमॅच मागून चालूच राहतं. त्यात गडबड दिसली तर तडक वॉर्डात फोन. तुमच्या वडिलांचं रक्त डॉक्टरांनी या घाईत मागवलं नव्हतं, याचा अर्थ दोन तास थांबायला वाव होता.

आता भावाचं ताजं रक्त. नुकतं काढलेलं रक्त तसंच चढवायला कायद्याने बंदी आहे. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया या पाच तपासण्या व्हाव्याच लागतात, आणि त्यासाठी एलायझा ही चाचणी लावायची म्हणजे काही तास गेलेच. शिवाय हल्ली एकाच पिशवीचे भाग केले जातात. लाल पेशी २ ते ६ अंशांत, योग्य द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, उणे ३० खाली वर्षभर. प्लेटलेट मात्र २०-२४ अंशांत, सतत हलणाऱ्या ट्रेमध्ये, फक्त पाच दिवस. तुमच्या वडिलांना लाल पेशीच हव्या होत्या. फ्रिजमधल्या दहा दिवसांपूर्वीच्या पिशवीत त्या व्यवस्थित असतात. ‘ताजं ते चांगलं’ हे भाजीला ठीक आहे.

रक्ताच्या नात्यातलं रक्त तर उलट जास्त जपून द्यावं लागतं. दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या न वाटता तिथे तग धरून राहिल्या, तर त्या रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. हे क्वचित घडतं, पण घडलं तर बहुधा माणूस वाचत नाही. म्हणून जवळच्या नातेवाइकाचं रक्त द्यायचंच झालं, तर त्यावर आधी किरणोत्सर्गाची प्रक्रिया करतात. आणखी एक गोष्ट मी रोज बघतो. शिबिरात आलेला माणूस फॉर्म खरा भरतो. बाहेर वडील अत्यवस्थ असलेला मुलगा मात्र मागच्या महिन्यातला टॅटू लपवतो, कारण ‘नाही’ ऐकायची त्याची तयारी नसते. संसर्ग अगदी नवा असेल तर चाचणीत सापडत नाही. तिथे खऱ्या उत्तराचाच आधार असतो. भावाची इच्छा चांगली आहे. त्याचं वय १८ च्या पुढे, वजन ४५ किलोंच्या वर आणि हिमोग्लोबिन १२.५ असेल, तर त्याला मे महिन्यात पाठवा. कॉलेजं बंद, लोक गावी, शिबिरं नाहीत, आणि फ्रिज खरोखरच रिकामा असतो. नेत्यांच्या वाढदिवसाच्या आठवड्यात मात्र इतक्या पिशव्या येतात की ठेवायच्या कुठे हा प्रश्न पडतो. हे गणित आजवर कुणी सोडवलेलं मी पाहिलं नाही.

पैशांचं म्हणाल तर रक्ताची किंमत कुणीच लावू शकत नाही, विक्रीला परवानगीच नाही. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे. तुम्ही भरता ते पिशवी, तपासण्या, साठवण आणि क्रॉसमॅच यांचं प्रक्रियाशुल्क. २०२२ च्या दरांनुसार लाल पेशींच्या एका पिशवीला सरकारी रक्तपेढीत ११०० आणि खासगीत १५५० रुपये. नॅटसारख्या (नवा संसर्ग लवकर पकडणाऱ्या) जादा चाचण्या केल्या असतील तर त्याचे वेगळे. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलच्या रुग्णांना शुल्क नाही. यापेक्षा जास्त कुणी मागितलं तर पावती मागा आणि तक्रार करा, संकोच नको.

पिशवी हातात आल्यावरचं एक सांगतो, कारण बरेच घोळ तिथेच होतात. आमच्याकडून निघालेली पिशवी थंड डब्यातूनच न्या, वाटेत चहाला थांबू नका. ती खिशात, काखेत किंवा गरम पाण्याच्या बादलीत ठेवून ‘कोमट’ करू नका. तापलेल्या पेशी फुटतात. काही कारणाने रक्त लावायचं रद्द झालं, तर न उघडलेली पिशवी ३० मिनिटांच्या आत परत आणा. त्यानंतर आम्ही ती दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. आणि सिस्टर पिशवीवरचं नाव आणि वडिलांच्या हातातल्या पट्टीवरचं नाव मोठ्याने वाचत असतील, तर “अहो, सकाळपासून तिसऱ्यांदा विचारताय” असं म्हणू नका. वडील शुद्धीवर असतील तर त्यांनाच नाव सांगू द्या.