गेट बत्तीस की छत्तीस?

प्रश्न : मॅडम, माझ्या आईला श्रवणयंत्र लागतं. मोठ्या विमानतळाच्या टर्मिनलमध्ये घोषणा चांगल्या दणदणीत होतात, तरी तिलाच काय, मलाही गेटचा नंबर कळत नाही. आवाज आणखी वाढवायला नको का?

उत्तर : नको. आवाज वाढवला की हा त्रास बहुतेक वेळा वाढतोच. तुमच्या कानावर दोन गोष्टी येतात : स्पीकरमधून थेट आलेला शब्द आणि काच, ग्रॅनाइट, पत्रा यांवर आपटून मागाहून येणारा त्याचाच निनाद. स्पीकरचा आवाज चढवला की दोन्ही सारखेच चढतात. शिवाय गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११मध्येच दाखवून दिलं होतं. घोषणा वाढते, मग गर्दीही आवाज चढवते.

नंबरच नेमका का निसटतो? ‘बत्तीस’ आणि ‘छत्तीस’ यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. व्यंजन क्षणभराचं आणि क्षीण, स्वर लांब आणि दमदार. ‘गेट’मधला ‘ए’ छताखाली रेंगाळत असतो, तेवढ्यात पुढचं व्यंजन येतं आणि त्यात बुडून जातं. थेट शब्द आणि निनाद वेगळे काढणं श्रवणयंत्राला फार जड जातं, म्हणून आईंना तुमच्याहून जास्त त्रास होतो.

निनाद किती रेंगाळणार, याचा हिशेब वॉलेस सॅबिन यांनी घालून दिला. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. १८९५पासून त्यांनी तिथे रात्री-रात्री खुर्च्यांच्या गाद्या आत-बाहेर करून मोजमापं घेतली. त्यांचं सूत्र सोपं आहे : दालनाचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण ध्वनिशोषण. समजा, ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद, १२ मीटर उंच दालन आहे. भिंती, फरशी आणि छत सगळं कठीण असेल, तर पृष्ठभाग जेमतेम ३ टक्के आवाज शोषतात. माणसं आणि हवा यांचं शोषण २५० चौरस मीटर (म्हणजे सगळा आवाज गिळणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतकं) धरलं, तरी निनाद सुमारे १० सेकंद टिकतो. तेच छत ८० टक्के शोषणारं केलं, की २ सेकंदांवर येतो. इतक्या मोठ्या जागेत हे गणित ढोबळच, पण फरक छतच करतं. भिंतींना काच हवी असते, फरशीवर ट्रॉल्या फिरतात. उरतं छत.

हे छत बहुधा भोकं पाडलेल्या पत्र्याचं असतं. आवाज त्या भोकांतून आत जातो आणि मागच्या रॉकवूलमध्ये, म्हणजे दगडापासून काढलेल्या तंतूंच्या थरात, जिरतो. इथे मला तळमळीने एक गोष्ट सांगायची आहे. खर्च कापायची वेळ आली की रॉकवूलवर पहिली कुऱ्हाड पडते, कारण खालून बघणाऱ्याला काही फरक दिसत नाही. पत्रा तोच, भोकं तीच, मागे मात्र काही नाही. पुढे दुरुस्तीत रंगाचा जाड हात बसला की बारीक भोकंही बुजतात. दिसत नाही म्हणून वगळलेल्या त्या थराची किंमत तुमच्या आईंसारखे प्रवासी वर्षानुवर्षं मोजतात. हा मला अन्याय वाटतो.

छतानंतर स्पीकर. दूरवर लावलेल्या दोन-चार दांडग्या स्पीकरांपेक्षा माणसांच्या जवळ, त्यांच्याकडे रोखलेले पुष्कळ लहान स्पीकर हळू आवाजात चांगले. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे १७ मीटर जास्त लांबचा स्पीकर सेकंदाचा विसावा भाग उशिरा ऐकू येतो, आणि त्यापुढे शब्द गढूळ होऊ लागतो. म्हणून सगळ्यांचा आवाज जवळजवळ एकदमच पोचावा, असा प्रत्येक स्पीकरला मोजून विलंब देतात. शेवटी शब्द किती कळतो, हे ० ते १ अशा निर्देशांकात मोजता येतं. ०.५च्या खाली गेलेली यंत्रणा मी तरी मान्य करत नाही.

आईंच्या श्रवणयंत्रात ‘टी’ची, म्हणजे लूपचा चुंबकीय संकेत पकडणाऱ्या टेलिकॉइलची, सोय आहे का, ते बघा. काउंटरवर किंवा गेटपाशी कानाचं चिन्ह आणि त्याखाली ‘टी’ दिसला, तर तिथे इंडक्शन लूप, म्हणजे असा संकेत पाठवणारं तारेचं वेटोळं, आहे. तो शब्द थेट यंत्रात पोचवतो, मधे निनाद येतच नाही.

प्रश्न : हा गोंगाट विमानांचाच असतो ना?

उत्तर : आतला बराचसा गोंगाट आपला, ट्रॉल्यांचा आणि वातानुकूलनाचा असतो. विमानांसाठी वेगवेगळ्या जाडीच्या दोन काचा, मधे रुंद पोकळी आणि घट्ट रबरी कडा हव्यात. धावपट्टीच्या बाजूचा एक दरवाजा फटीने उघडा राहिला, तरी त्या काचांचा बराच फायदा वाया जातो.

प्रश्न : काही विमानतळांनी सरसकट घोषणा बंद केल्या आहेत. हे योग्य आहे का?

उत्तर : प्रत्येक उड्डाणाची हाक सगळ्या टर्मिनलभर देऊ नये, ती त्या गेटपुरती असावी, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण ज्यांना फलक दिसत नाहीत, त्यांना सोबत मिळायला हवी. आणि घोषणा बंद म्हणून यंत्रणा स्वस्तातली बसवू नये. आग लागली तर ‘डावीकडच्या दाराने बाहेर पडा’ हे वाक्य त्याच छताखाली, घाबरलेल्या गर्दीत, पहिल्याच वेळी कळायला हवं. ते कळतं का, याची चाचणी रिकाम्या दालनात उरकू नका. गर्दीच्या वेळी किती गोंगाट असतो तो मोजा आणि त्याच्या हिशेबाने निर्देशांक काढा.